मुलाला घराचा दुभाष्या करू नका : गाव सोडून मुंबईत आलेल्या कुटुंबांसाठी

पालिकेच्या एका रुग्णालयात, स्त्रीरोग विभागात, दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आपल्या आईचे दुखणे डॉक्टरांना सांगत होती. आई जालन्याकडची, मानखुर्दला राहायला येऊन जेमतेम चार महिने झालेली. डॉक्टर दुसऱ्या राज्यातून शिकायला आलेल्या, हिंदी आणि इंग्रजी बोलणाऱ्या. पिशवी काढावी लागेल का, हा प्रश्न त्या मुलीने आईच्या वतीने विचारला आणि उत्तर आईला सांगताना त्यातले एक वाक्य गाळले. मागाहून मी तिला त्याचे कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आई रडली असती."

शाळांमधून मुलांचे आणि पालकांचे समुपदेशन करताना मला हे दृश्य निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते. कुटुंब गावाहून मुंबईत येते, मूल शहराची भाषा आणि रीत वर्षभरात उचलते, आई-वडिलांना त्यासाठी कितीतरी अधिक काळ लागतो, आणि त्या मधल्या काळात घराचा भार कोणाच्या ध्यानात न येता मुलाच्या अंगावर सरकतो. या अवस्थेचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो अमेरिकेत, मेक्सिको, एल साल्वाडोर, ग्वाटेमाला, डोमिनिकन प्रजासत्ताक अशा देशांतून तेथे गेलेल्या लॅटिनो कुटुंबांचा. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेतील लॅटिनो वंशाच्या लोकांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. त्यांतील पुष्कळ घरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहेत. परंतु नव्याने आलेल्या घरांनी काय सोसले आणि काय सांभाळले, यातून आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे.

एक भेद मात्र आरंभीच सांगितला पाहिजे. तेथील अनेक घरांत आई-वडिलांपाशी राहण्याचा परवाना नसतो आणि मूल अमेरिकेत जन्मल्यामुळे तेथील नागरिक असते. आई कामावरून घरी परतेल की नाही, या भीतीत अशी मुले वाढतात. बीडहून किंवा रत्नागिरीहून मुंबईत आलेल्या कुटुंबाच्या वाट्याला ती भीती येत नाही. म्हणून पुढील सूचनांत मी त्यांच्या अनुभवातील तेवढाच भाग घेतला आहे, जो आपल्या घरांना खरोखर लागू पडतो.

कोणते काम मुलाचे आणि कोणते नव्हे

लॅटिनो मुले आई-वडिलांसाठी बँकेत, शाळेत, घरमालकापाशी, दवाखान्यात दुभाष्याचे काम करतात आणि त्यावर तेथे भरपूर संशोधन झाले आहे. त्यातून निघालेले चित्र एकरंगी नाही. किरकोळ कामांत मुलाला आपण घराच्या उपयोगी पडतो याचा अभिमान वाटतो आणि त्याची भाषाही सुधारते. मात्र आजारपण, पैसा किंवा कायदा यांविषयीचे बोलणे वारंवार त्याच्यावर पडू लागले, तर त्याच अभिमानाची जागा काळजी घेते. याच कारणाने अमेरिकेच्या आरोग्यसेवेत २०१६ पासूनच्या नियमांनुसार, जिवावरचा तातडीचा प्रसंग आणि दुभाषी मिळण्याजोगा नसणे अशी स्थिती सोडली, तर अल्पवयीन मुलाच्या भाषांतरावर विसंबून राहण्यास मनाई आहे.

आपल्याकडे ही विभागणी घरानेच करायची आहे, आणि ती मनातल्या मनात न ठेवता बोलून करावी. बसची पाटी वाचणे, दुकानातील हिशेब, शाळेच्या गटावर आलेली इंग्रजी सूचना वाचून दाखवणे, मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे ते आईला शिकवणे, ही कामे मुलाने आनंदाने करावीत. दवाखाना, पोलीस ठाणे, कर्ज, खोलीच्या भाड्याचा तंटा आणि भावंडाविषयी शाळेने केलेली तक्रार, या ठिकाणी मात्र मुलाला मध्ये उभे करू नये. स्वतःविषयीच्या तक्रारीचे भाषांतर तर त्याच्याकडून कधीच करून घेऊ नये.

मग ते काम कोणी करायचे, असा प्रश्न साहजिकच येतो. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. "डॉक्टरांचे म्हणणे मला मराठीत समजावून देणारे मोठे माणूस हवे आहे," एवढे वाक्य आईने पाठ करून जावे. परिचारिका किंवा आयाबाईसुद्धा बहुधा मदत करतात. वस्तीत येणाऱ्या पालिकेच्या आरोग्य सेविकेशी आल्यानंतर पहिल्याच महिन्यात ओळख करून घ्यावी. लॅटिनो वस्त्यांत 'प्रोमोतोरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया हेच काम करतात. त्या त्याच समाजातल्या, त्याच भाषेच्या असतात आणि त्यामुळे दवाखाना व घर यांच्यामधले अंतर त्यांना ठाऊक असते. आपल्या आरोग्य सेविकेचेही बळ नेमके हेच आहे, आणि तिला केवळ लसीची आठवण करून देणारी बाई समजणे हे कुटुंबाचेच नुकसान आहे.

कधी तरी नाइलाज होईल आणि मूलच बोलेल. अशा वेळी दोन गोष्टी कराव्यात. बोलणे आटोपल्यावर त्याला सांगावे, "तू नीट सांगितलेस, आता ठरवायचे ते आम्ही ठरवू." त्यानंतर त्या प्रसंगाची चर्चा त्याच्यादेखत वाढवू नये. अर्जेंटिनात जन्मलेले कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातील गरीब कुटुंबांबरोबर दीर्घकाळ काम केले. पालकाची भूमिका निभावणारे मूल हा त्यांच्या विचारातील महत्त्वाचा भाग आहे. मोठ्या, कष्टकरी कुटुंबात मुलाने काही जबाबदारी उचलणे त्यांना अस्वाभाविक वाटत नसे. जबाबदारी कोणती, किती आणि कोणाच्या अधिकाराखाली हे स्पष्ट नसले, किंवा पालकांनी आपला अधिकारच सोडून दिला, म्हणजे मूल दबते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या स्वयंपाकघरातल्या उतरंडीत मोठे मडके तळाशी असते. लहान मडके खाली गेले की उतरंड उभी दिसली तरी तिचा भरवसा उरत नाही.

या बाबतीत वडिलांनी एक काम आवर्जून करावे. दर रविवारी अर्धा तास मुलाकडून काहीतरी शिकावे: रेल्वेचे तिकीट मोबाइलवर काढणे असो किंवा अर्ज भरणे असो. शिकण्यात कमीपणा नाही, आयुष्यभर मुलाकडूनच करून घेण्यात मात्र हळूहळू येतो, आणि पंधराव्या वर्षी "तुम्हाला काय कळते?" हे वाक्य त्यातूनच उगवते.

गावी ठेवलेले मूल मागाहून आणताना

माझ्या कामात मला सर्वांत अवघड वाटणारा भाग हा आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

मध्य अमेरिकेतून किंवा मेक्सिकोतून आई पुष्कळदा एकटी पुढे जाते, लॉस एंजेलिस किंवा ह्यूस्टनमध्ये दुसऱ्यांची मुले सांभाळते किंवा साफसफाईचे काम करते, आणि तिची स्वतःची मुले आजीकडे वाढतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कारोला सुआरेझ-ओरोस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थलांतरित मुलांच्या केलेल्या दीर्घ अभ्यासात बहुतेक मुले आई किंवा वडील, अथवा दोघांपासूनही, कधी ना कधी दुरावलेली आढळली. भेट झाली म्हणजे सगळे दुःख संपेल, अशी आईची कल्पना असते. प्रत्यक्षात ज्या दिवशी मूल आईला भेटते त्याच दिवशी ते आजीला मुकते, आणि आईच्या आनंदाशेजारी मुलाचा शोक उभा राहतो. ही गोष्ट न कळल्यामुळे आई दुखावते व मूल आणखी मिटून जाते.

संगमेश्वरला आजीपाशी वाढलेला, पाचवीत किंवा आठवीत दिवा किंवा भांडुप येथील दहा बाय बाराच्या खोलीत आणलेला मुलगा याच स्थितीत असतो. त्याला तेथे मुंबईतच जन्मलेले धाकटे भावंड भेटते, आणि ते आईच्या कुशीत अगदी सहज शिरते. अशा वेळी पुढील क्रम मला उपयोगी ठरताना दिसला आहे.

मुलाला जूनमध्ये शाळा उघडताना एकदम आणू नये. आदल्या दिवाळीच्या सुटीत आठवडाभर आणावे, खोली, नळ, संडास, स्टेशनचा रस्ता दाखवावा आणि परत पाठवावे. मग एप्रिल-मेमध्ये कायमचे आणावे. शक्य असेल तर आजीने पहिले पंधरा दिवस सोबत राहावे, म्हणजे मुलाला आपल्याला आजीने टाकून दिले असे वाटत नाही. तिने स्वतःच्या हाताने त्याला आईकडे सोपवलेले ते डोळ्यांनी पाहते. आजीशी फोनची वेळ ठरवून द्यावी आणि ती वेळ शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नये. पुष्कळ मुले आजीला 'आई' आणि आईला 'मुंबईची आई' म्हणतात. हे ऐकताना आईच्या काळजात कळ येते, हे मी जाणते. तरीही ते सुधारण्याचा आग्रह वर्षभर तरी धरू नये. कपडे, मोबाइल, खाऊ यांनी गेलेली वर्षे भरून काढण्याचा प्रयत्नही करू नये, कारण मूल त्या वस्तू घेते आणि तरीही अबोल राहते, आणि मग "एवढे केले तरी तोंड वाकडेच" अशी घरात बोलणी सुरू होतात. त्याऐवजी आईने त्याच्याबरोबर दररोज करायचे एक छोटे काम निवडावे. भाजी निवडणे, पाणी भरणे, रात्री चादरी घालणे, काहीही चालेल. अशा कामात समोरासमोर बसून बोलण्याची सक्ती नसते, आणि मुले अशाच वेळी बोलतात.

शिस्तीचा अधिकार सावकाश वापरावा. आजीकडचे नियम कोणते होते ते आधी विचारून घ्यावे व त्यांतील जमतील तितके चालू ठेवावेत. मारणे तर कोणत्याही मुलाच्या बाबतीत चुकीचे आहे; नुकत्याच आलेल्या मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ 'ही माणसे परकी आहेत' एवढाच होतो.

शाळेची बाजूही येथेच सांगते. शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतून हातात घेऊनच निघावे. तो मिळण्यास उशीर झाला तरी शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेने त्या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नसणे किंवा वर्ष सुरू झालेले असणे हीही कारणे चालत नाहीत. मुंबई महानगरपालिका मराठीसह आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते. गावी मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला मुंबईत आल्याबरोबर इंग्रजी माध्यमात घालण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वर्षी मुलाने घर, आजी आणि मित्र गमावले, त्याच वर्षी त्याची शिकण्याची भाषाही काढून घेणे फार जड जाते. माध्यम बदलायचेच असेल तर ते दोन वर्षांनी, त्याला विचारून बदलावे.

नवरा-बायकोचे नवे बस्तान

१९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' योजनेखाली मेक्सिकोतील लाखो पुरुष अमेरिकेतील शेतांवर कंत्राटी मजूर म्हणून गेले. बायका-मुले मागे राहिली. समाजशास्त्रज्ञ पिएरेट होंडान्यू-सोटेलो यांना कॅलिफोर्नियातील मेक्सिकन कुटुंबांचा अभ्यास करताना एक लक्षणीय गोष्ट दिसली. जे पुरुष अनेक वर्षे पुरुषांच्याच बिऱ्हाडांत राहून स्वतःचे जेवण आणि धुणे-भांडी करायला शिकले होते, त्यांच्या घरी पुढे बायको आल्यावरही कामाची वाटणी अधिक समान राहिली. इकडे आपल्या गिरणगावातही पुरुष गावकीच्या गाळ्यांत राहत. परंतु त्यांच्यापैकी अनेकांचे जेवण खानावळ चालवणाऱ्या बायका करीत. याच बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. चाकरमान्याने मुंबईची बिऱ्हाडे पिढ्यान्‌पिढ्या केली, तरी पोळपाट-लाटणे त्याच्या हाती फारसे आले नाही, याचे एक कारण मला येथे दिसते.

म्हणून मुंबईत एकट्याने राहून भात-आमटी शिकलेल्या तरुणाला माझे सांगणे असे, की लग्न झाल्यावर किंवा बायको गावाहून आल्यावर आठवड्यातील दोन दिवसांचा स्वयंपाक आपल्याकडेच ठेवावा. ती कामाला जाऊ लागेल तेव्हा ही वाटणी नव्याने मागावी लागणार नाही. पैशाच्या बाबतीत गावी दरमहा किती पाठवायचे हा आकडा दोघांनी मिळून ठरवावा. आईला गुपचूप पाठवलेले हजार रुपये संसारात जितका दुरावा आणतात, तितका उघडपणे पाठवलेले पाच हजारही आणत नाहीत. एका खोलीत सासू-सासरे व मुले असताना नवरा-बायकोला बोलायला जागाच नसते, तेव्हा आठवड्यातून एकदा दोघांनी बाजाराचे किंवा देवळाचे निमित्त करून एकटे बाहेर पडावे आणि घरातल्या मोठ्यांनी त्याला नावे ठेवू नयेत. भांडण झाल्यावर "तुझ्या बाबांना सांग" असे निरोप मुलाकरवी पाठवणे हासुद्धा दुभाष्याच्या कामाचाच एक प्रकार आहे, आणि तो मुलाला सर्वांत जास्त जाचतो.

बायकोच्या नावाचे कागद पहिल्या सहा महिन्यांत करून घ्यावेत: लग्नाची नोंदणी, आधारवरील पत्ता, शिधापत्रिकेत नाव, तिचे स्वतःचे बँक खाते. अमेरिकेत राहण्याचा परवाना नवऱ्याच्या अर्जावर अवलंबून असल्यामुळे अनेक लॅटिनो स्त्रिया मारहाण सोसत राहत. १९९४ च्या कायद्याने नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या नवऱ्याकडून छळ सोसणाऱ्या स्त्रीला स्वतः अर्ज करण्याची वाट खुली झाली. कागद नवऱ्याच्या हातात असले की बाई घराबाहेर पाऊल टाकू शकत नाही, हे मुंबईतही तितकेच खरे आहे. मारहाण होत असेल तर ती संसारातली कुरबूर समजू नये. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. आणि पोलीस यंत्रणेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत, ज्यांची सुरुवात १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर केली.

घरची बोली आणि मानलेली नाती

समाजशास्त्रज्ञ अलेहांद्रो पोर्टेस आणि रूबेन रूम्बाउट यांनी १९९२ पासून मायामी आणि सॅन डिएगो परिसरातील स्थलांतरितांच्या पाच हजारांहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. घरची भाषा आणि इंग्रजी या दोन्ही उत्तम येणाऱ्या मुलांचे आई-वडिलांशी खटके कमी उडतात आणि त्यांचा स्वतःविषयीचा विश्वासही अधिक असतो, असे त्यांना आढळले. मुलाने घरची भाषा टाकली आणि आई-वडिलांना नवी भाषा आली नाही, की उपदेश करायला शब्दच उरत नाहीत. मालवणी, वऱ्हाडी किंवा मराठवाड्याची बोली ही शाळेत अडथळा ठरेल या भीतीने आई जेव्हा मुलाशी मोडकी हिंदी-इंग्रजी बोलू लागते, तेव्हा ती आपले सर्वांत धारदार हत्यार खाली ठेवते. रागावणे, समजूत घालणे, गोष्ट सांगणे हे घरच्या बोलीतच करावे. स्पॅनिशमध्ये 'एदुकासिओन' या शब्दात शाळेतल्या शिक्षणाबरोबर वळण आणि माणुसकीही येते. आपल्या 'संस्कार' या शब्दाशी त्याचे जवळचे नाते आहे.

लॅटिनो घरांत बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मपिता आणि धर्ममाता मिळतात आणि ते मुलाच्या आई-वडिलांचे 'कोंपाद्रे' व 'कोमाद्रे' होतात, म्हणजे पालकत्वातले भागीदार. आपल्याकडे असा विधी नसला तरी मानलेला मामा आणि मानलेली मावशी आहेतच. मुंबईत आल्यावर गावकीच्या मंडळातून किंवा चाळीतून अशी दोन माणसे पारखून निवडावीत, त्यांना स्पष्टपणे तशी विनंती करावी, आणि शाळेत त्यांचा क्रमांक दुसरा संपर्क म्हणून नोंदवावा. ज्याला मुलाबरोबर एकांतच हवा असतो त्या माणसाला मात्र हा मान देऊ नये.

कुटुंबनिष्ठेची दुसरी बाजूही आहे, आणि ती मुलींच्या वाट्याला येते. धाकट्याला सांभाळण्यासाठी मोठीची शाळा बुडते, हे लॅटिनो घरांतही घडते आणि गोवंडीतही. अंगणवाडीत धाकट्याचे नाव घालावे. बांधकामावर काम असेल तर तेथे पाळणाघर आहे का ते विचारावे, कारण मुंबईत मोबाइल क्रेशेस या संस्थेचे हे काम १९७२ पासून चालत आले आहे.

मदत कधी घ्यावी

मूल जेवत नाही, झोपत नाही, शाळेच्या वेळी रोज पोट दुखते म्हणते, किंवा एकाएकी अति शहाण्यासारखे वागू लागते आणि कशाचाच हट्ट करीत नाही, असे तीन-चार आठवडे चालले तर शाळेतल्या समुपदेशकाला भेटावे. शेवटचे लक्षण पालकांना गुण वाटते. मला त्याचीच अधिक काळजी वाटते. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक, ज्याची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतूनच झाली, तो मुलाला पाठ करवावा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते. पहिल्या भेटीला आई-वडिलांनी दोघांनीच जावे, समोरची व्यक्ती मराठी बोलणारी नसेल तर तशी मागणी निःसंकोच करावी, आणि आपले म्हणणे पोहोचवण्यासाठी मुलाला मध्ये बसवू नये.